बियांवर आलेला आळ

पत्र : "डॉक्टर, मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका, बार्शीची. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी ओटीपोटात डाव्या बाजूला सारखं दुखू लागलं, ताप भरला. गॅसेस असतील म्हणून दोन दिवस ओवा आणि सोडा घेतला. शेवटी सोलापूरला नेलं, सीटी स्कॅन झाला. 'मोठ्या आतड्याला पिशव्या आहेत, त्यातली एक सुजली आहे' असं सांगितलं. चार दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली. आता तीन महिने होत आले. घरात सगळे म्हणतात, बी असलेलं काही खायचं नाही, बी पिशवीत अडकते. त्यामुळे पेरू, टोमॅटो, वांगं, अंजीर, तीळ, शेंगदाणे सगळं बंद आहे. संक्रांतीला तिळगूळ नुसता वाटला. शेतावर हुरड्याला गेले आणि डब्यातला दहीभात खाऊन परत आले. दुर्बिणीची तपासणी करायला सांगितली आहे, पण भीती वाटते. आणि दुखायचं थांबलंय तर कशाला करायची? मधूनमधून तिथेच बारीक कळ येते, तेव्हा मेडिकलवाला जुलाबावरची गोळी देतो, ती दोन दिवस घेते. या पिशव्यांचा पुढे कॅन्सर होतो का? ऑपरेशन करून टाकलेलं बरं का? मुलीलाही हे होईल का? ता. क. मला बीपी, शुगर काही नाही. फक्त गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकची गोळी तीन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ चालू आहे."

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हुरड्यापाशी अडकलो, दुसऱ्यांदा ताज्या कलमापाशी. ज्या तिळानं तुमचं काहीच वाकडं केलं नव्हतं, त्याला तुम्ही घरात येऊ दिलं नाहीत. आणि जिच्यावर माझा पहिला संशय जातो ती 'फक्त' म्हणून लिहिलेली गोळी रोज दोनदा पोटात जाते आहे. तिच्याकडे येतोच. आधी तुम्ही सोबत पाठवलेला रिपोर्ट वाचू, कारण तो तुम्हाला कुणी नीट वाचून दाखवलेला दिसत नाही.

रिपोर्टात 'मल्टिपल सिग्मॉइड डायव्हर्टिक्युली' असं लिहिलंय. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार तुकडा, गुदाशयाच्या जरा अलीकडचा, पोटात डावीकडे खाली. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो आणि रक्तवाहिन्या त्याला भोक पाडून आत येतात. ही भोकं म्हणजे भिंतीतल्या कच्च्या जागा. वय वाढतं, आतला दाब वर्षानुवर्षं पडत राहतो, आणि तिथून आतलं अस्तर फुग्यासारखं बाहेर डोकावू लागतं. सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब कशी बाहेर येते, अगदी तसं. या फुग्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. ते नुसतेच असतील तर डायव्हर्टिक्युलोसिस, आणि त्यातला एखादा सुजला की डायव्हर्टिक्युलायटिस. दोन्ही नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो. पहिलं हे वयाबरोबर येणाऱ्या पांढऱ्या केसांसारखं आहे. दुसरं आजारपण.

युरोप-अमेरिकेत साठी ओलांडलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या आतड्यात हे फुगे सापडतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे. पण ज्यांना आहेत त्यांतल्याही शंभरातल्या पाचांहून कमी जणांना आयुष्यात कधी सूज येते, बाकीचे फुग्यांसकट सुखाने जगतात. (जपान-कोरियाकडे हे फुगे बऱ्याचदा आतड्याच्या उजव्या बाजूला असतात. तिथल्या सर्जननी अपेंडिक्स समजून पोट उघडावं आणि आत भलतंच निघावं, असं पूर्वी पुष्कळदा झालं आहे.)

पुढची ओळ 'पेरिकॉलिक फॅट स्ट्रँडिंग'. आतड्याभोवतीच्या चरबीत सुजेच्या रेषा दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तुम्हाला खरोखरच डायव्हर्टिक्युलायटिस झाला होता, हा कुणाचा अंदाज नाही. आणि शेवटची ओळ 'नो फ्री एअर, नो कलेक्शन' ही सगळ्यात मोलाची. आतड्याला छिद्र पडून हवा बाहेर आलेली नाही आणि पू साठलेला नाही. थोडक्यात, तुमचा झटका साधा, गुंतागुंत नसलेला होता. या तीन ओळी लॅमिनेट करून ठेवा म्हणत नाही, पण फाईलमध्ये वर ठेवा. पुढे कुठल्याही डॉक्टरला तुमच्याबद्दल सगळ्यात आधी हेच कळायला हवं.

सीटी करायला लावला हे सोलापूरच्या डॉक्टरांनी उत्तम केलं. नुसतं पोट दाबून हा आजार ओळखायला गेलं तर चांगले चांगले फसतात. डाव्या बाजूचा मूतखडा, बायकांमध्ये बीजकोशाचा त्रास, साधा बद्धकोष्ठ, सगळेच याच जागी दुखवतात. तुम्ही स्वतःसुद्धा दोन दिवस त्याला गॅसच समजत होतात. ताप आणि एका जागी धरून राहिलेलं दुखणं, दाबलं की आणखी दुखणारं, हे गॅसचं लक्षण नव्हे. गॅसचं दुखणं फिरतं.

आता बिया. ताई, मला इथे कबुलीच द्यायला हवी. मी स्वतः कितीतरी वर्षं रुग्णांना हेच सांगत आलो. डिस्चार्ज कार्डावर 'पेरू, टोमॅटो, शेंगदाणे वर्ज्य' हे माझ्याच अक्षरात असायचं. आमच्या सरांनी सांगितलं म्हणून आम्ही सांगितलं, त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं होतं. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं : पिशवी आहे, बी आहे, बी पिशवीत जाणार, अडकणार, कुजणार. पण हे कुणी तपासून पाहिलं नव्हतं. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्याची नोंद १८ वर्षं ठेवली, आणि तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाणे, सुकामेवा, मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांमध्ये डायव्हर्टिक्युलायटिस जास्त दिसलाच नाही. उलट जे हे पदार्थ नेमाने खात होते त्यांच्यात तो किंचित कमी होता. तुम्ही विचाराल, त्यात सगळे पुरुषच, आमचं काय? रास्त प्रश्न आहे. अलीकडे बायकांवर झालेल्या अभ्यासातही बियांचा दोष निघालेला नाही. आळ खोटा होता आणि शिक्षा मात्र आमच्या रुग्णांनी भोगली, त्यांत आता तुम्हीही.

गंमत अशी, की बिया सोडता सोडता तुम्ही जे खाऊ लागलात त्याचीच मला जास्त काळजी आहे. दहीभात, मऊ पोळी, बिस्किटं, असंच चाललं असणार. सुजेच्या पहिल्या काही दिवसांत हलकं खाणं बरोबरच असतं : भाताची पेज, मुगाचं कढण, ताक. पण ते आठवड्याभरापुरतं. त्यानंतर हळूहळू आपल्या नेहमीच्या चोथ्याच्या जेवणावर यायचं असतं, आणि तुम्ही तर ज्वारीच्या मुलखात राहता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत ११ च्या वर, आणि पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. रोज २५ ते ३० ग्रॅम पोटात जावा असं धरलं, तर दोन भाकऱ्या, वाटीभर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, एक पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात बहुतेक काम भागतं. महागाची पाकिटं आणायला नकोत.

फक्त एकदम उडी मारू नका. तीन महिने पेजेवर राहिलेल्या आतड्याला पहिल्याच दिवशी मटकीची उसळ आणि दोन भाकऱ्या दिल्या तर पोट तट्ट फुगेल, आणि तुम्ही म्हणाल, बघा, बियांनी घात केला. आठवड्याला एक पदार्थ वाढवा. शौचाला कडक होत असेल तर इसबगोल चालेल, एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तोच इसबगोल घट्ट होऊन आत बसतो.

चोथ्याचाही उदोउदो मात्र मी करणार नाही. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करत होते. तिथल्या भरपूर चोथा खाणाऱ्या लोकांत हा आजार जवळजवळ दिसत नाही आणि इंग्लंडात मात्र घरोघरी, हे पाहून त्यांनी आणि नील पेंटर यांनी १९७१ मध्ये मांडलं, की चोथ्याच्या अभावाने हे फुगे होतात. ते इतकं पटण्यासारखं होतं की पुढे चाळीसेक वर्षं कुणी फारसा वाद घातला नाही. मग २०१२ मध्ये अमेरिकेत कोलोनोस्कोपी (तुम्हाला सांगितलेली दुर्बिणीची तपासणी) झालेल्या लोकांचं खाणं तपासलं, तर जास्त चोथा खाणाऱ्यांचे फुगे कमी निघाले नाहीत. म्हणजे फुगे होण्याचं कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. सूज येण्याचं तसं नाही. तिथे चोथा, शाकाहाराकडे झुकलेलं जेवण, रोजचं चालणं आणि आटोक्यातलं वजन यांचा फायदा पुन्हा पुन्हा दिसला आहे. सिगारेट आणि रोजचं मटण उलट्या बाजूला येतात, पण तुमच्या पत्रात दोन्ही नाहीत, तेव्हा पुढे जाऊ.

पुढे म्हणजे ताज्या कलमाकडे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या जठरात व्रण करतात हे आता बहुतेकांना माहीत झालंय. म्हणून लोक त्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घेतात आणि निश्चिंत होतात. पण त्या मोठ्या आतड्यालाही सोडत नाहीत, आणि तिथे ॲसिडिटीची गोळी काही कामाची नाही. अस्तराचं रक्षण करणारी जी द्रव्यं शरीर बनवतं, त्यांचं उत्पादनच या गोळ्या रोखतात. नेमाने घेणाऱ्यांमध्ये डायव्हर्टिक्युलायटिस जास्त होतो, फुग्यातून रक्तस्राव जास्त होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुजलेला फुगा फुटण्याचा धोका वाढतो. तीन वर्षं, दिवसाला दोन, हा हिशोब मांडला तर दोन हजारांच्या वर गोळ्या झाल्या. तुमचा झटका त्यांच्याचमुळे आला असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. पण बदलता येईल असं एकच कारण मला तुमच्या पत्रात सापडतं, आणि ते हे.

गुडघे दुखतात ते खोटं नाही, हे मला मान्य आहे. तेव्हा गोळी काढून त्या जागी काहीतरी ठेवायला हवं. पॅरासिटामॉल आतड्याच्या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित आहे, यकृत ठीक असेल तर दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल रक्तात फार थोडं उतरतं, ते वापरून पाहा. आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या : खुर्चीत बसून पाय सरळ करणं, दहा मोजेपर्यंत धरणं. बायका हे दोन दिवस करतात आणि 'फरक नाही' म्हणून सोडून देतात. दीड-दोन महिने द्या. आणखी एक विचारतो, रागावू नका : सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या पुड्या कधी घेतल्या आहेत का? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडतं. स्टेरॉइड या फुग्यांसाठी डायक्लोफेनॅकपेक्षाही वाईट, कारण फुगा फुटला तरी ते दुखू देत नाही. घेत असाल तर लपवू नका, आणि एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या नजरेखाली कमी करा. (तुमची एखादी मैत्रीण हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी घेत असेल, तर हे वाचून तिने ती आपल्या मनाने थांबवू नये. तो हिशोब निराळा आहे.)

मेडिकलवाल्याची जुलाबावरची गोळी, म्हणजे बहुधा अँटिबायोटिक, आजपासून बंद. झटक्यानंतर कित्येक महिने त्याच जागी बारीक कळ येत राहणं हे फार जणांना होतं. सूज गेलेली असते, पण तिथल्या नसा हळव्या झालेल्या असतात, एरवीच्या हालचालीचीही त्यांना कळ जाणवते. ताप नाही, रक्ताच्या तपासणीत सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं नाही, मग त्या कळेवर अँटिबायोटिकचं काहीच काम नाही. खरं तर साध्या झटक्यातही प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतंच असं आता मानत नाहीत. स्वीडन आणि आइसलंडमध्ये ६२३ रुग्णांना दोन गटांत वाटून एका गटाला ते दिलंच नाही, आणि दोन्ही गट सारखेच बरे झाले. २०१२ मध्ये हे छापून आलं तेव्हा आमच्यातल्या अनेकांचा विश्वास बसला नव्हता. पाच वर्षांनी नेदरलँड्समधूनही तेच निघालं. तुम्हाला दवाखान्यात ते दिलं ते चुकलं असं नाही. तुम्हाला ताप होता, दोन दिवस अंगावर काढलं होतं, डॉक्टरांनी समोर बघून ठरवलं. पण 'दोन दिवस घेते' हा प्रकार मात्र कशातच बसत नाही.

दुर्बिणीच्या तपासणीबद्दल मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. ती कराच. सूज असताना कोलोनोस्कोपी करत नाहीत, हळवं आतडं फाटायची भीती असते. म्हणून सहा ते आठ आठवडे थांबतात. तुमचे बारा होत आले. फुग्यांचा कॅन्सर होत नाही, हे तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. पण सीटीत सुजलेलं आतडं आणि कॅन्सरने जाड झालेलं आतडं कधीकधी एकसारखं दिसतं, आणि सूज ओसरल्यावर आतून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही. तुमच्यासारख्या साध्या झटक्यानंतर कॅन्सर निघण्याचं प्रमाण शंभरात एखादं. म्हणजे बहुधा काही निघणार नाही. पण त्या शंभरातल्या एखादीला ते लवकर कळणं केवढ्याला पडतं, हे मी पाहिलं आहे. गेल्या वर्षभरात तुमची ही तपासणी झालेली असती तर थांबा म्हणालो असतो.

भीती कशाची वाटते ते तुम्ही लिहिलं नाहीत. दुखण्याची असेल तर झोपेचं इंजेक्शन देतात, बहुतेकांना नंतर काही आठवत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. छिद्र पडण्याची असेल तर ते हजारात एखाद्याला होतं. खरा त्रास आदल्या रात्रीचा : दोन-एक लिटर पावडरचं पाणी प्यायचं आणि बाथरूमजवळ बसून राहायचं. ते गार करून प्यायलं तर जरा सुसह्य होतं. मुलीला त्या दिवशी सोबत घ्या, झोपेच्या इंजेक्शनानंतर एकटीने एसटीने परतायचं नाही.

ऑपरेशनचा विचार सोडून द्या. पूर्वी 'दोन झटके आले की तो तुकडा कापून टाका' असा आमच्याकडे नियमच होता. नंतर लक्षात आलं की आतडं फुटायचं असेल तर ते बहुधा पहिल्याच झटक्यात फुटतं, दुसऱ्या-तिसऱ्यात धोका वाढत जात नाही. तुमचा पहिला झटका तर साधा निघाला. पुढच्या दहा वर्षांत पुन्हा एखादा येण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणजे चार जणींना तो येणारच नाही, त्यांचं पोट कशाला उघडायचं? वारंवार झटके येऊन जगणं अवघड झालं, आतडं अरुंद झालं किंवा मूत्राशयाला चिकटून मार्ग तयार झाला, तर गोष्ट वेगळी. झटका टाळायला म्हणून कुणी मेसालामिन किंवा प्रोबायोटिकच्या गोळ्या महिनोन्‌महिने लिहून दिल्या तर पैसे वाचवा. त्यांनी झटके टळतात असं दिसलेलं नाही.

मुलीचं म्हणाल तर आनुवंशिकता आहे. जुळ्यांवरच्या स्कँडिनेव्हियन अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के धरतात. पण त्यासाठी तिची कसलीही तपासणी आज करायला नको. तिला चालायला लावा, आणि उठसूट आयबुप्रोफेन घेत असेल तर तेवढं बोला.

पुन्हा कधी ओवा आणि सोड्यावर दोन दिवस काढायचे नाहीत. ताप १०० च्या वर गेला, दुखणं एका जागेवरून सगळ्या पोटभर पसरलं, पोट फळीसारखं कडक झालं, उलट्या थांबेनात, गॅसही सरत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. शौचावाटे अचानक भरपूर रक्त गेलं आणि दुखत मात्र काहीच नाही, तरीही. तो फुग्यातला रक्तस्राव असतो. चारातल्या तीन वेळा आपोआप थांबतो, पण चौथी वेळ घरी बसून ओळखता येत नाही. आणि एक विचित्र लक्षण लाजेपोटी कुणी सांगत नाही : लघवी करताना बुडबुडे, हवा सुटल्यासारखी, वर वारंवार लघवीची जळजळ. आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट पडल्याची ती खूण आहे. युरिनची तपासणी करणाऱ्याला नव्हे, सर्जनला सांगा.

आता तुमच्या हुरड्याचं. अजून दोन-तीन आठवडे तो मिळेल. खा, शेंगदाण्याची चटणी लावून खा, सावकाश चावून खा. फक्त एक गोष्ट, आणि ती लिहिताना मलाच हसू येतंय : कोलोनोस्कोपीच्या आधी तीन दिवस बिया खरोखरच बंद ठेवायच्या असतात. त्या फुग्यात अडकतात म्हणून नव्हे, डॉक्टरांच्या दुर्बिणीच्या नळीत अडकतात म्हणून. तेव्हा तारीख आधी घ्या. तपासणी सोमवारची मिळाली, तर शेतावर आदल्या बुधवारी जा.